मोकळा सलाम

त्या घरात राहायला गेलो आणि पहिल्याच पहाटे मला स्वप्न पडलं. अंगणात तहसीलदार उभे होते. त्यांच्या मागे फौजदार, त्यांच्या मागे तलाठी, मग पोस्टमन, वायरमन, कालव्याचा पाटकरी. सगळी सरकारी माणसं धुक्यात हात बांधून गप्प उभी, आणि कुणीतरी एकेकाचं नाव घेऊन त्यांचं भलं चिंतत होतं. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर घरमालक प्रार्थना करत होते. नावं तीच होती. ती माझ्या झोपेत शिरून माणसांसारखी उभी राहिली होती, एवढंच.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला नुकताच श्रीरामपूरला आलो होतो. गावाच्या कडेला, उसाच्या फडांना लागून आमच्या ख्रिस्ती लोकांची एक वस्ती होती. तिथे काकांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. मीही ख्रिस्तीच, पण मागच्या बाकावर बसून उपदेश कधी संपतो याची वाट पाहणारा. पहाटे उठून वायरमनसाठी प्रार्थना करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते. उंच, थोडे पुढे वाकलेले, खाकी पँट अजून सुटलेली नाही. प्रार्थनेत अधिकाऱ्यांची आठवण करावी, असं आमच्या पवित्र शास्त्रात सांगितलं आहे, आणि आमच्या चर्चमध्ये दर रविवारी ती केलीही जाते. पण बाकीचे लोक ‘सर्व अधिकारी’ या दोन शब्दांत अख्खं सरकार गुंडाळून मोकळे होतात. काकांना ते पटत नसे. ते एकेकाचं नाव घ्यायचे, आणि घेताना ज्याची कचेरी जिकडे असेल तिकडे तोंड करून उभे राहायचे. त्यामुळे प्रार्थना संपेपर्यंत त्यांची अंगणात एक फेरी पुरी व्हायची.

मी एकदा चिडवलं, “काका, देव काय फक्त तहसीलच्या बाजूला असतो का?”

“देव सगळीकडं हाय, मास्तर,” ते म्हणाले, “पन तहसीलदार एकाच ठिकानी बसत्यात.”

त्यांच्याशी वाद घालायला गेलं की असंच व्हायचं. आपण हुशारीने काही म्हणावं आणि त्यांनी साधं उत्तर देऊन भाकरीचा तुकडा मोडावा.

रस्त्याने पायी चालताना वळायचं असलं की काका हात बाहेर काढत. मागे कुणी असो वा नसो. मेन रोडवर लोक हसायचे, पोरं मागून हॉर्नचा आवाज काढायची. काका हात तसाच धरून सावकाश वळत. मतदानाच्या दिवशी ते लग्नाचा कोट आणि टाय घालून जायचे, आणि आदल्या संध्याकाळी शाळेचा व्हरांडा स्वतः झाडून यायचे. “उद्या हितं देश यायचाय,” असं शिपायाला सांगायचे. तहसील कचेरीच्या पायऱ्या चढताना ते चप्पल काढत नसत, पण फडक्याने पुसत मात्र. असा माणूस कचेरीतल्या लोकांना आवडत असेल, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. कारण सलाम करून झाला की काका त्याच आवाजात सांगायचे, “साहेब, तुमच्या नळाजवळ चिखल झालाय, म्हाताऱ्या बाया घसरत्यात.” सलामही मोठ्याने आणि चिखलही मोठ्याने. मधल्या मधे साहेबांची पंचाईत व्हायची.

एकदा चहाच्या टपरीवर एका तरुणाने त्यांना छेडलं. “काका, येवढी देशाची भक्ती करता, पन तुमचा देव तर बाहेरचा ना?” असल्या प्रश्नाची सवय होते, पण राग यायचा थांबत नाही. काकांनी बशीतला चहा संपवला.

“देव कुठला ते मला न्हाई सांगता येनार, बाबा. पन ह्यो चहा पाटाच्या पान्याचा हाय. पानी भंडारदऱ्यावरून येतं. तूबी तेच पितो, मीबी. वरच्यानं ते खाली जाऊ द्यायचं, टेलच्या मानसापर्यंत. मला तर देश म्हंजी येवढंच कळतं.” मग त्यांनी विचारलं, “तुझं नाव काय रं?”

“कशाला?”

“सकाळी घेतो की. प्रार्थनेत.”

तो तरुण चहाचे पैसे न देताच पळाला. काकांनीच दिले.

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथल्या शेतकऱ्यांना पाणी सगळ्यांत शेवटी मिळतं, कधी मिळतही नाही. काकांच्या बोलण्यात हा टेलचा माणूस सारखा यायचा, आणि तो का यायचा ते मला उशिरा कळलं. शेजारच्या मावशींनी सांगितलं.

आमच्या वस्तीचं कबरस्थान चारीच्या पलीकडे होतं. चारी म्हणजे पाटाचा लहान फाटा. एरवी ती कोरडी असे, त्यात शेळ्या उतरत. पण पाण्याचं आवर्तन सुटलं की कमरेएवढं पाणी वाहायचं, आणि त्या दिवसांत कुणी गेलं तर पेटी पाण्यातून न्यावी लागायची. काकू गेल्या तेव्हा आवर्तन चालू होतं. कुणीतरी म्हणालं, पाटकऱ्याला सांगू, दोन तास गेट बंद करू देत. काकांनी ऐकलं नाही. “टेलला लोक पान्याची वाट बघत बसल्यात,” म्हणाले. खांदेकरी कमी होते. मध्यावर एकाचा पाय चिखलात रुतला, पेटी कलली आणि आत पाणी शिरलं. पलीकडे गेल्यावर पेटीच्या फटींमधून पाणी गळत होतं. काका ते बघत उभे राहिले, म्हणे. रडले नाहीत. पण त्यानंतर बरेच दिवस ते चारीवर जाऊन नुसते बसायचे.

हे मावशींनी सांगितलं तेव्हा संध्याकाळ होती. उसाला तुरे आले होते, आणि कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास सगळीकडे पसरला होता. त्या वासात अजूनही मला ती गळणारी पेटी दिसते. मी ती कधी पाहिली नाही, तरी दिसते.

चारीवर एक लहानशी मोरी व्हावी, एवढीच वस्तीची मागणी होती. पाण्यासाठी खाली सिमेंटच्या नळ्या टाकायच्या आणि वर चालायला काँक्रीट. या मागणीमागे सगळ्यांत जास्त लागले होते ते चर्चच्या कमिटीतले कंपाउंडर. जन्मभर दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्यामुळे त्यांचा स्वभाव नेमका आणि थोडा कडू झाला होता. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. काकूंची माती तिने डोळ्यांनी पाहिली होती, आणि तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं, “मला पान्यातून नेऊ नका रं. मला कोरडं न्या.” कंपाउंडर घरी आले की रोज ती हेच म्हणायची. त्यांचा कडूपणा मला मग समजू लागला.

अशात एका रविवारी दुपारी काका आणि मी जेवत होतो. मी पेपर वाचत होतो. काकांनी फोटोवर बोट ठेवलं.

“ह्या बाई कोन?”

“कलेक्टर आहेत आपल्या.”

“मग आपले साहेब?”

“त्यांची बदली झाली असेल. कधीच.”

काकांचा घास हातातच राहिला. कित्येक महिने चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, ते आधीच्या साहेबांचं नाव घेऊन प्रार्थना करत होते. नव्या बाईंचं नाव एकदाही घेतलं गेलं नव्हतं. मी म्हटलं, “काका, देवाला बदलीचा हुकूम कळला असेल की.”

“देवाला कळतं. पन चूक माझी हाय,” ते म्हणाले. “बाईसाहेब खुर्चीवर बसल्या आन् आपन त्यांना प्रार्थनेत धरलंच न्हाई. माफी मागाय जावं लागंल.”

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. दुसऱ्या दिवशी, कलेक्टरांचा लोकांना भेटायचा वार होता म्हणून, ते कोट घालून दारात उभे. मला सुट्टी होती. त्यांना एकट्याला पाठवायचा धीर झाला नाही. वस्तीत बातमी पसरली आणि कंपाउंडर धापा टाकत आले. हातात मोरीचा अर्ज, सगळ्यांच्या सह्या असलेला. “काका, जाताच हाय तर येवढा देऊन या. पाया पडतो.”

“आज न्हाई,” काका म्हणाले. “आज कामच दुसरं हाय.”

कंपाउंडरांनी अर्ज मुकाट माझ्या पिशवीत घातला.

नगरला कचेरीत मोठी रांग होती. प्रत्येकाच्या हातात कागद. काकांचे हात मोकळे. शिपायाने विचारलं, “अर्ज कुठंय?”

“अर्ज न्हाई.”

“मग काम काय?”

“माफी मागायचीय.”

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

आमचा नंबर आला तेव्हा कलेक्टरबाई थकलेल्या दिसत होत्या. काकांनी ताठ उभं राहून सलाम केला आणि सगळं सांगितलं. रविवारची प्रार्थना, जुन्या साहेबांचं नाव, झालेली चूक. “यापुढं तुमचं नाव घेऊ. तेवढं नीट सांगा, म्हंजी उच्चार चुकायचा न्हाई.”

बाई हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपलं नाव सावकाश सांगितलं. काकांनी ते म्हणून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, “काका, तुमची काही अडचण आहे का?”

माझा हात पिशवीत गेला. अर्ज बोटांना लागला. आयती संधी समोर उभी होती. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी हात बाहेर काढला. अजून सांगता येणार नाही की का काढला.

“अडचन हाय, बाईसाहेब,” काका म्हणाले. “पन आज न्हाई. त्यासाठी परत येईन. रांगंत.”

परतीच्या एसटीत मी राहुरीपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. मला चीड आली होती. कंपाउंडरांची म्हातारी डोळ्यांपुढे येत होती. काका शेंगा सोलून माझ्यासमोर धरत होते, मी घेत नव्हतो. बाहेर उन्हं उतरत होती. ऊस, बांध, पुन्हा ऊस, मधेच पाटाच्या पाण्याची एक चमकती रेघ. डुलकी लागेल असं वाटत असताना काका बोलू लागले, माझ्याकडे न बघता, ड्रायव्हरच्या सीटकडे तोंड करून.

“त्या खुर्चीम्होरं येनारा परतेक मानूस मागायला येतो. सलाम करतो तोबी मागायलाच. दिसभर. कुनी एक तरी नुसता सलाम करून जावा का न्हाई, मास्तर? सलाम मोकळा असावा. त्याला अर्ज बांधला, की तो गळ झाला, मासा धरायचा.”

“आणि कंपाउंडरांची आई?”

काकांनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाले, “मला काय तिची काळजी न्हाई? माझ्या बायकोच्या पेटीतनं पानी गळालंय.”

मी शेंगा घेतल्या.

वस्तीत मात्र आग लागली. कलेक्टरांनी स्वतः विचारलं आणि काकांनी सांगितलं नाही, हे कुणालाच सहन होईना. कमिटीच्या बैठकीत कंपाउंडर उठून बोलले, “तुमची भक्ती तुमच्यापाशी ठेवा. माझ्या आईच्या जिवावर कशाला करता?” ठरलं, की यापुढे अधिकाऱ्यांसाठीची प्रार्थना दुसरं कुणीतरी करील. चर्चच्या पाळकसाहेबांनी हे काकांना सांगितलं तेव्हा काकांनी मान डोलावली. “फकस्त नाव नीट घ्या,” म्हणाले, आणि बाईंच्या नावाचा उच्चार शिकवला. पुढच्या रविवारी ते मागच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. तिथे त्यांचे गुडघे मावत नव्हते.

भेटीचा पुढचा वार आला तसे ते अर्ज घेऊन एकटे नगरला गेले. दिवसभर रांगेत उभे राहिले. संध्याकाळी मी विचारलं, “बाईंनी ओळखलं का?”

“ओळखलं असंल. मी ओळख दिली न्हाई. खाली मान घालून अर्ज ठिवला आन् आलो.”

त्यानंतर काय झालं, ते मला नीट माहीत नाही. काही महिने काहीच झालं नाही. मग एक दिवस दोन माणसं टेप घेऊन चारीवर मापं घेताना दिसली. पुन्हा बरेच दिवस शांतता, आणि मग मोरी मंजूर झाल्याचं कळलं. त्या अर्जामुळे काम झालं, की आधीच्या अर्जांमुळे, की कुठल्या योजनेत आपोआप बसलं, हे सांगणारं कुणी नव्हतं. कंपाउंडर म्हणायचे, आमच्या पाठपुराव्याने झालं. काका म्हणायचे, “व्हय, त्यांनी लई चपला झिजवल्या.” काकांना चर्चमध्ये प्रार्थनेसाठी पुढे बोलावलं नाही ते नाहीच. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, पण रविवारी दुसऱ्या कुणी ‘सर्व अधिकारी’ म्हणून प्रार्थना उरकली, की शेजारी त्यांचे ओठ हळूच हलत राहायचे. मला राहिलेली नावं ऐकू यायची.

थंडीत मोरीचं काम सुरू झालं. आवर्तन सुटायच्या आत नळ्या बसवायची घाई होती. काका रोज किटली घेऊन जायचे, मुकादमाला सलाम करायचे, मजुरांना चहा द्यायचे. कंपाउंडरही यायचे. दोघं चारीच्या दोन काठांवर उभे राहायचे, एकमेकांशी न बोलता. नळ्या बसल्या, माती भरली. आता वरचं काँक्रीट तेवढं राहिलं.

आणि एका पहाटे मला कसलंच स्वप्न पडलं नाही. जाग आली ती शांततेमुळे. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, कोट घातलेला, धुक्याने केस ओले झालेले. मी हाक मारली. खांद्याला हात लावला, तेव्हा ते एका बाजूला कलले. मी वडील गेले तेव्हा रडलो नव्हतो इतका त्या अंगणात रडलो.

दुपारी काकांचा मुलगा पुण्याहून आला. चर्चमधली उपासना आटोपून पेटी निघाली तेव्हा उन्हं कलली होती. चारीवर आलो आणि सगळे थबकलो. आवर्तन सकाळी आलं होतं. नव्या नळ्यांमधून पाणी घुमत बाहेर पडत होतं. मोरीवर त्याच दुपारी काँक्रीट ओतलेलं, अजून ओलं, चकचकीत.

मुकादम धावत आला. काकांचा चहा त्याने रोज प्यायला होता. “फळ्या टाकतो. सावकाश जावा वरनं. जरा दबलं तर उद्या परत सारखं करू, त्यात काय?”

मागून कुणी म्हणालं, “न्हाईतर पाटकऱ्याला फोन करा. घंटाभर गेट बंद करील.”

सगळ्यांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. ते काँक्रीटकडे बघत होते. याच मोरीसाठी ते इतकी वर्षं झिजले होते, आणि घरी त्यांची आई अजून श्वास घेत होती.

“फळ्या नको,” ते म्हणाले. “हितं चीर पडाय नको. लोकांना न्यायचं हाय हिच्यावरनं.” मग पाण्याकडे वळून म्हणाले, “आन् गेट बंद करायचं नाव काढू नका. टेलला लोक बसल्यात.”

त्यांनी घड्याळ काढून वरच्या खिशात ठेवलं, बूट काठावर ठेवले आणि सगळ्यांत आधी पाण्यात उतरले. त्यांच्यामागे आम्ही. मावशीही उतरल्या, पदर खोचून. इतके लोक उतरले की पेटीला हात लावायला जागा मिळेना. पाणी बर्फासारखं गार होतं. पायाखाली चिखल सरकत होता. ज्यांचे हात पेटीला पोचत नव्हते, ते खांदेकऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून चालत होते. पेटी आम्ही डोक्याच्याही वर धरली होती. दंड भरून आले, पण कुणी खाली घेतली नाही. कुणी गीत म्हटलं नाही. नुसतं पाणी वाजत होतं, आणि मधूनमधून कंपाउंडरांचा आवाज, “वर. अजून वर.”

पलीकडच्या काठावर पेटी टेकवली. आम्ही सगळे कमरेपर्यंत भिजून कुडकुडत उभे होतो. कंपाउंडर गुडघ्यांवर बसले. त्यांनी पेटीच्या खाली हात घातला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बूड चाचपून पाहिलं.

“कोरडी हाय,” ते म्हणाले. मग आणखी एकदा म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.